देवाच्या पायाच्या जागी आरसा कसा काय?

प्रश्न: आमच्या लायब्ररीत मेक्सिकोच्या जुन्या चित्रपोथ्यांवरचं पुस्तक मिळालं. त्यात एका देवाला एक पाऊलच नाही, तिथं काळी गोल चकती आणि तिच्यातून धूर. खाली लिहिलंय आरसा. आरशातून धूर कसा काय निघतो?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: धुराकडं लक्ष गेलं ते फार चांगलं झालं, कारण ओळख पटते ती त्यावरूनच. हा तेस्कात्लिपोका, मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांचा (ॲझ्टेक त्यांच्यातलेच) फार मोठा देव, त्याच्या नावातच धूर आणि आरसा दोन्ही आहेत. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत नेमिनाथ आहेत ना, तीर्थंकरांच्या मूर्ती बहुतेक सारख्याच दिसतात, पण शंखाचं लांछन, म्हणजे ओळखीचं चिन्ह, असलं की नेमिनाथ, तसंच हे. पाऊल गेलं त्याची कथा अशी सांगतात की पृथ्वी घडवताना पाण्यातल्या राक्षसी मगरीनं ते तोडलं. बऱ्याच चित्रांत दुसरा आरसा कानशिलापाशीही असतो, धुराच्या वेटोळ्यांसकट.

आणि हा आरसा म्हणजे आपला काचेचा नव्हे बरं का, ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काळी काच घासून घासून गुळगुळीत करायचे, त्यात तोंड दिसतं पण अंधारातून वर आल्यासारखं. तोंड बघायला तो देवाला दिलाच नव्हता. दुरान नावाच्या स्पॅनिश पाद्र्यानं 16व्या शतकात लिहून ठेवलंय की मूर्तीच्या हातात पिसांचा पंखा, मधे सोन्याचा आरसा, आणि जगात काय चाललंय ते देव त्यात बघतो. म्हणजे बघणारा तो, दिसणारे आपण! मला तरी या चिन्हाचा सगळा जोर इथंच वाटतो.

माणसांनी त्यात बघितलं की काय होतं तेही सांगितलंय. साहागुन या त्याच काळातल्या दुसऱ्या स्पॅनिश पाद्र्याच्या ग्रंथात स्पॅनिश यायच्या आधीचे अपशकुन आहेत, त्यात डोक्यावर आरसा असलेला करकोच्यासारखा पक्षी ॲझ्टेकांचा राजा मोक्तेसुमा याच्यापुढं आणतात, राजाला आधी त्या आरशात तारे दिसतात, परत बघतो तर हरणांसारख्या जनावरांवर बसून लढत येणारी माणसं.

पण प्रत्येक आरसा देवाचाच असं धरू नका. साधारण 1541 च्या मेंडोझा पोथीत ॲझ्टेकांना खंडणी देणाऱ्या गावांची यादी आहे, तिथं तेस्कातेपेक हे गाव लिहायला आरसा आणि डोंगर एवढंच काढलंय, तिथं तो नुसता नावाचा तुकडा.

पुस्तकात बोर्जिया पोथीचं 17वं पान असलं तर ते नीट बघा, याच देवाच्या अंगावर त्यांच्या पंचांगातल्या वीसही दिवसांची चिन्हं लावलीत.