साओ पाउलोला दोन वर्षांसाठी राहायला जातोय. कागदपत्रं, घर आणि शाकाहारी स्वयंपाकघर यांची तयारी कशी करावी?

कंपनीच्या कामासाठी तुम्ही दोघं पुण्याहून चालला आहात, दोघंही शाकाहारी, आणि पोर्तुगीज अजून येत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. तयारीला पुण्यातच लागा, आणि सुरुवात आईच्या नावापासून करा.

ब्राझीलमध्ये जवळजवळ प्रत्येक अर्जावर आईचं पूर्ण नाव विचारतात. बँक फोनवर ओळख पटवतानाही तेच विचारते. आपल्याकडे जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव, पासपोर्टवर वडिलांच्या आडनावासह आणि लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग, असं सर्रास असतं. तिथे एकदा चुकीचं नोंदलं गेलं की तीच चूक पुढच्या प्रत्येक कागदावर उतरते. म्हणून दाखले आणि पासपोर्ट एकमेकांशी जुळवून घ्या. जन्माचा आणि लग्नाचा दाखला मराठी-इंग्रजी असा दोन्ही भाषांत छापलेला मागा, कारण मराठीतून पोर्तुगीज करणारा अधिकृत भाषांतरकार तिथे सापडणं फार अवघड. मग अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण, करून घ्या. भाषांतर मात्र इथे करू नका. ब्राझीलमधल्या शपथबद्ध भाषांतरकाराचं, म्हणजे 'त्रादुतोर जुरामेंतादो'चंच चालतं.

दुसरं काम म्हणजे 'सेपेएफी', तिथला अकरा आकडी करदाता क्रमांक. आपल्या पॅनपेक्षा त्याची गरज कितीतरी जास्त पडते. मोबाइलचं सिम, औषधाच्या दुकानातली सवलत, ऑनलाइन खरेदी, भाडेकरार, सगळीकडे तो मागतात. मुंबईतल्या ब्राझीलच्या वकिलातीमार्फत तो निघण्याआधीच काढता येतो. दोघांचाही काढा, नोकरी एकाचीच असली तरी.

पोचल्यावर ९० दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यायची असते आणि मोठ्या शहरात ती लवकर मिळत नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात घ्या. परदेशी नागरिकाचं ओळखपत्र हातात येईपर्यंत मिळणारी पावती, 'प्रोतोकोलो', जपून ठेवा. तोवर तीच तुमची ओळख.

घराचा भाग सगळ्यात किचकट. भाडं म्हणून जो आकडा दिसतो त्यावर 'कोंदोमिनियो', म्हणजे इमारतीची देखभाल, आणि 'इपेतेऊ', म्हणजे मालमत्ता कर, चढतो. घरांची तुलना करताना तिन्हींची बेरीज धरा. १९९१च्या भाडेकरू कायद्याप्रमाणे मालक एकाच प्रकारची हमी मागू शकतो: जामीनदार, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट किंवा भाडेहमीचा विमा. जामीनदार बहुधा स्थानिक मालमत्ता असलेलाच लागतो, तो नवख्याला मिळत नाही. त्यामुळे विमा किंवा डिपॉझिट यावरच बोलणी करा. करार साधारण ३० महिन्यांचा असतो. तुम्ही दोनच वर्षं राहणार, म्हणून एक तरतूद लक्षात असू द्या: कंपनीने दुसऱ्या ठिकाणी बदली केली आणि तुम्ही ३० दिवस आधी लेखी कळवलं, तर मुदतीआधी सोडल्याचा दंड लागत नाही. इमारतीच्या राखीव निधीचा आणि मोठ्या दुरुस्त्यांचा खर्च मालकाचा असतो. दरमहाच्या पावतीत तो तुमच्या माथी मारलेला नाही ना, हे तपासत जा.

'सेमी मोबिलियादो', म्हणजे थोडंफार सामान असलेलं, असं लिहिलेलं नसेल तर घर अगदी रिकामं समजा. शेगडी नाही, फ्रिज नाही, कित्येकदा दिवेसुद्धा नाहीत. ताबा घेताना 'विस्तोरिया' म्हणजे पाहणीचा अहवाल होतो. भिंतीवरचं प्रत्येक छिद्र आणि फरशीवरचा प्रत्येक ओरखडा यांचे फोटो त्यात जोडून घ्या, कारण सोडताना त्याच अहवालाशी ताडून पैसे कापतात. पत्त्याचा पुरावा म्हणून लगेच विजेचं बिल स्वतःच्या नावावर करा. जोडप्यातल्या दुसऱ्याच्या नावे इंटरनेटचं बिल ठेवा, म्हणजे दोघांचाही पुरावा तयार होतो.

न्हाणीघरात गरम पाण्यासाठी शॉवरच्या डोक्यातच विजेचं कॉइल असतं. पाण्याचा प्रवाह कमी केला की पाणी जास्त गरम होतं. हिवाळा-उन्हाळ्याचं बटण पाणी बंद करूनच फिरवा. नवा शॉवर किंवा नवं कॉइल बसवल्यावर आधी थंड स्थितीत पाणी सोडून तो भरू द्या आणि मगच वीज चालू करा. कोरडं कॉइल क्षणात जळतं. शॉवरला अर्थिंगची वायर जोडलेली आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. यात तडजोड करू नका.

साओ पाउलोत घरातली वीज १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. दोन फेजमध्ये २२० मिळतात आणि मोठे शॉवर त्यावरच चालतात. आपला मिक्सर १२७ वर नुसता गुरगुरेल, वाटण होणार नाही. ट्रान्सफॉर्मर घेतला तर ७५० वॉटच्या मिक्सरला किमान १५०० व्हीएचा लागेल, आणि तो भलताच जड असतो. त्यापेक्षा मालकाची परवानगी घेऊन ओट्याजवळ २२०चं एक सॉकेट काढून घ्या. मिक्सरच्या ब्रशवाल्या मोटरला ६० हर्ट्झने फरक पडत नाही. इंडक्शन मोटरचा वेट ग्राइंडर मात्र सुमारे वीस टक्के जोरात फिरतो, तो नेऊच नका. कुकर जरूर न्या, सोबत दोन गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. तिथला कुकर शिट्ट्या देत नाही, त्याचं वजन सतत फुसफुसत राहतं. म्हणून डाळीला तिथे मिनिटं मोजावी लागतात.

किराण्यासाठी ब्रास भागातली 'झोना सेरेयालिस्ता', रुआ सांता रोझाच्या आसपासची घाऊक दुकानं, हीच जागा. जिरं, धणे, मोहरी, मेथीदाणे, हळद, सगळं सुटं मिळतं. राजमा म्हणजे 'फेजाँव व्हेर्मेल्यो', चवळी 'फेजाँव फ्राजिन्यो', छोले 'ग्राँव दे बिको'. तूर 'ग्वांदू' नावाने मिळते, पण अख्खी आणि सालासकट. फोडलेली तूरडाळ फक्त भारतीय दुकानात आणि महाग. रोजच्या वरणाला मसूर किंवा पिवळ्या वाटाण्याची डाळ बरी पडते. अख्खे मूग लिबेरदादे भागातल्या जपानी दुकानांत मिळतात. ते मोड आणण्यासाठीच विकतात, त्यामुळे उसळीची सोय होते. गुळाच्या जागी 'रापादुरा'ची ढेप घ्या, पुरणपोळीला ती उत्तम चालते. कणकेसाठी बारीक दळलेलं 'इंतेग्राल', म्हणजे कोंड्यासकटचं गव्हाचं पीठ शोधा. त्यात कोंडा वेगळा मिसळलेला दिसला तर चाळून घ्या, नाहीतर पोळी कडेने फाटते.

साबुदाण्यासारखा दिसणारा 'सागू' प्रत्येक सुपरमार्केटात असतो, तोही कसाव्याच्याच पिठाचा. पण तो वाइनमध्ये शिजवायच्या गोडासाठी केलेला असतो. आधी मूठभर भिजवून बघा. दाणे विरघळायला लागले तर तो खिचडीचा नाही, उकळत्या दुधात टाकून खिरीला वापरा. 'फ्लोकाँव दे आरोझ' हे तांदळाचे बारीक फ्लेक्स म्हणजे पोहे नव्हेत, भिजवलात तर लगदा होईल. पोहे, हिंग आणि गोडा मसाला पुण्याहून सीलबंद पाकिटांतून न्या. कढीपत्त्याची ताजी पानं, बिया, रोपं नेऊ नका, विमानतळावरच्या कृषी तपासणीत ती जप्त होतात.

भाजी आठवडी बाजारात घ्या. प्रत्येक वस्तीचा 'फेइरा'चा वार ठरलेला असतो. सकाळी माल ताजा, दुपारी आवरायच्या वेळी भाव उतरतात. भेंडी 'कियाबो', वांगं 'बेरिंजेला'. 'शेइरो व्हेर्दे' म्हणून जुडी देतात, ती साओ पाउलोत बहुतेक पार्सली आणि कांद्याच्या पातीची असते. कोथिंबीर हवी तर 'कोएंत्रो' मागा आणि पान चुरडून वास घ्या.

बाहेर खाताना 'कार्ने', म्हणजे मांस, नको एवढं सांगून भागत नाही. बऱ्याच जणांच्या लेखी 'कार्ने' म्हणजे फक्त गोमांस, त्यामुळे कोंबडी किंवा हॅम ताटात येऊ शकतं. मांस, कोंबडी, मासे आणि हॅम, चारही नावं घेऊन सांगा की खात नाही: 'नाँव कोमो कार्ने, फ्रांगो, पेइशी, नेम प्रेझुंतो.' काळ्या घेवड्यात बेकन असतं का, हे दर वेळी विचारा. वजनावर जेवण देणारी 'पोर किलो' खानावळ शाकाहाऱ्यांना सगळ्यात सोयीची, कारण पदार्थ समोर बघून वाढून घेता येतात.

पैशांसाठी 'पिक्स', २०२० पासून चालू असलेली, आपल्या यूपीआयसारखी सोय. रात्री ८ ते सकाळी ६ व्यक्तींमधल्या व्यवहाराला मूळची १००० रेआलची मर्यादा असते, ती वाढवू नका. फुटपाथच्या कडेला उभं राहून फोन बघू नका, दुचाकीवरून हिसकावून नेतात. गाडीची वाट दुकानाच्या आत थांबून बघा. बँकेचं मुख्य ॲप घरी ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बस-मेट्रोला 'बिल्येते ऊनिको' कार्ड घ्या, एका भाड्यात तीन तासांत चार बसपर्यंत प्रवास करता येतो. रविवारी शहर बस फुकट असते. पोलीस १९०, रुग्णवाहिका १९२, अग्निशमन १९३.

सरकारी आरोग्यसेवा परदेशी माणसालाही मोफत आहे. राहत्या पत्त्याच्या 'ऊबेएसी', म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आरोग्यसेवेचं कार्ड काढा आणि तिथेच पीतज्वराची लस घ्या. ब्राझीलहून भारतात उतरताना या लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं आणि ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं. ते नसेल तर विमानतळावरून घरी न सोडता विलगीकरणात ठेवतात. पुण्यातच लस घेऊन या प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक सोबत नेलंत तर हे काम उरतच नाही. कोणी आजारी पडल्यावर अचानक परतायची वेळ आली, तर ते दहा दिवस हातात नसतात.