चौथ्या हजाराला थांबलेले काका

पोरा,

तू ज्यांना धावायला शिकवतोस ते अठ्ठावन्न वर्षांचे काका १००० मीटरच्या पाचपैकी चौथ्या फेरीत थांबले. तू त्यांना ‘मन घट्ट करा’ म्हणालास, आणि आता विचारतोस की कच त्यांनी खाल्ली की चूक तुझी. चूक तुझी. पहिल्या हजाराची वेळ बघ: ठरली होती ५:००, आली ४:४०. चौथीची वाट तिथेच लागली.

आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर विशीतली पोरं शेजारून गेली की साठीतले पाय आपोआप उचलतात. तेव्हा पाय आवरण्याला मी कणखरपणा म्हणतो. ठरलं तेवढंच, ठरल्या वेगात. तू म्हणशील, म्हाताऱ्यांना जपून जपून मी मऊ करतो. अजिबात नाही! कॅनडाचे धावपटू एड व्हिटलॉक २००४ मध्ये टोरंटोत ७३व्या वर्षी २:५४:४८ मध्ये मॅरेथॉन धावले. त्यांचा सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास त्याच त्या संथ फेऱ्या. तो कंटाळा सोसायला किती मन लागतं, विचार कर.

दुखणं ओळखायला शिकव. दोन्ही मांड्या भरून आल्या, दम लागला, पण दोन मिनिटं चालल्यावर उतरलं, तर ते सोसायचं. एकाच पायात आहे, बोट ठेवून दाखवता येतं, पाऊल वाकडं पडतंय, तर तिथल्या तिथे थांबायचं. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागची शीर आखडली असेल, तर त्या दिवशी वेगाचं काम नको. हे मला उशिरा पटलं, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

दोन कठीण दिवसांत ७२ तास ठेव. तुला ४८ पुरतात, त्यांना नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना पळू दे, उतरताना चालायचं, कारण मांड्या उताराला फाटतात आणि दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं. डिसेंबरच्या थंडीत वॉर्मअप पूर्ण २० मिनिटं. शेवटच्या ३०० मीटरला घड्याळ बघायचं नाही. खांदे खाली, मुठी सैल, आणि शंभर पावलं मोजायची. मग पुन्हा शंभर.

घड्याळात दिसणारे तुझ्या हृदयाचे ठोकेही त्यांना लावू नकोस. २०८ मधून वयाची ०.७ पट वजा कर: ५८व्या वर्षी मिनिटाला कमाल ठोके साधारण १६७.

गुरुवारी चारच हजार दे, मध्ये अडीच मिनिटं चालणं. पहिला ४:५५च्या आत आला तर पुढचा लगेच सुरू करू देऊ नकोस, आधी समजाव. चौथा ५:०३च्या आत आला तरच पुढच्या आठवड्यात पाच. आणि काकांना आजच फोन कर, चूक माझी होती म्हण.