शेळीची साखर १६० आली म्हणून

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझ्या दवाखान्यात आलेल्या शेळीच्या रक्तात साखर १६० निघाली म्हणून तू फोन केलास तेव्हा मी बाजारात होतो, म्हणून लिहूनच कळवतो. तिच्या मालकाला 'डायबेटीस आहे' असं सांगितलं नसशील, तर अजून सांगू नकोस.

जेवणानंतर १६० साखर आपल्याला आली तर फार कोणी घाबरणार नाही. शेळीची मात्र ५० ते ७५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. चाऱ्यातून तिला थेट साखर फारशी मिळतच नाही. पोटातले जंतू चारा आंबवून आम्लं करतात आणि त्यातल्या प्रोपिओनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवतं. तेव्हा १६० हा आकडा तिच्यासाठी मोठाच.

पण तीच शेळी टेम्पोतून गचके खात, अनोळखी माणसांच्या हातून आली होती ना? धरपकडीनेच साखर चढते. झायलाझिन हे गुंगीचं औषध टोचलं असेल तर बघायलाच नको. आंत्रविषारातही, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या आजारातही, रक्तात आणि लघवीत साखर दिसते, म्हणून त्याची लस कधी दिली ते विचार. एकदम भरपूर गोड खाल्ल्यानेही तो उसळतो, तेव्हा परसात गळून पडलेल्या फणसावर ताव मारला होता का, तेही.

गाभण असेल तर आणखी सावध. शेवटचा महिना, पोटात दोन-तीन करडं, बाहेर मुसळधार पाऊस आणि शेळी गोठ्यात अर्धपोटी, असं असलं की अंगातली चरबी जळते आणि त्यातून होणारे किटोन लघवीत येतात. तो डायबेटीस नव्हे. तिथे साखर बहुधा उतरलेलीच सापडेल.

लघवीसाठी पहाटे जा. बसलेली शेळी उठवलीस की पहिल्यांदा ती बहुधा मागचे पाय वाकवून मुततेच. लांब दांड्याची पळी मागून हळूच पुढे कर. समोरून गेलास तर पळेल. रक्त मात्र फ्लोराइडच्या नळीत घे. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि लॅबला पोचेपर्यंत आकडा खाली येतो.

खरा मधुमेह रवंथ करणाऱ्या जनावरांत होतो, पण विरळा. गाईंत लाळ-खुरकुतानंतर स्वादुपिंड बिघडून तो झाल्याच्या नोंदी आहेत. शेळी भरपूर खातेय, सारखं पाणी पितेय, तरी वाळतेय, आणि शांत असताना घेतलेल्या दोन-तीन नमुन्यांतही साखर चढलेलीच, लघवीतही आहे, असं दिसलं तर मी मानीन. तेव्हा मालकाला रोजच्या इन्सुलिनचा खर्च आणि खटाटोप स्पष्ट सांग. बहुतेकांना तो झेपत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

लघवी तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लाव. आपल्या दमट हवेत त्या लवकर बिघडतात.