अर्धा उपचार घरातच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लेकीचं निदान पक्कं झालं आणि इंडक्शनचा, म्हणजे उपचाराच्या पहिल्या टप्प्याचा, पहिला आठवडा पार पडला, हे तुझ्याकडून कळलं. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, वय चार. लहान मुलांत होणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वांत जास्त आढळणारा हाच, आणि दोन ते पाच या वयातच तो अधिक होतो. तुमच्याकडून काही राहून गेलं म्हणून तो झालेला नाही. हे आधी तू नीट समजून घे आणि मग सूनबाईला सांग, कारण ती नक्की स्वतःला दोष देत बसली असेल.

१९४७-४८ साली अमेरिकेतले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन काही मुलांचा हा आजार पहिल्यांदा मागे हटवला, पण तो काही महिन्यांतच उलटला. आज जिथे उपचार नीट आणि शेवटपर्यंत मिळतात, तिथे दहांपैकी जवळपास नऊ मुलं बरी होतात. डॉक्टरांनी त्यांच्या वाटणीचं काम तुला कागदावर लिहून दिलंच आहे. घरात काय करायचं ते मी लिहिते. मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की या आजाराचा अर्धा उपचार घरात होतो. घराची घडी विस्कटली की उपचारही विस्कटतो.

महिनाभराने बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा, रिपोर्ट येईल. तो चांगला आला की कुणीतरी म्हणेलच, ‘बरी झाली ना, मग एवढ्याशा पोरीला अजून औषधं कशाला?’ तिथे तू खंबीर राहा. निदान होतं तेव्हा आजारी पेशी एक लाख कोटींच्या घरात असू शकतात. त्यातल्या हजारी नऊशे नव्व्याण्णव मेल्या तरी शंभर कोटी उरतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसू शकते. म्हणून पुढे उरलेल्या पेशी मारणारं कन्सॉलिडेशन, मग आणखी टप्पे, मग सौम्य औषधांचा लांबलचक मेंटेनन्स, असं सगळं मिळून दोन ते तीन वर्षं चालतं.

आत्ता तुमचं सगळं घर धावतं आहे. दोघांनीही रजा टाकली आहे, आई रात्रभर जागते, फोन सतत वाजतो. असं तीन वर्षं निभणार नाही. रजा, पैसा आणि माणसं पुरवून वापर. दवाखान्यातल्या रात्री आलटून पालटून काढा. जो घरी असेल त्याने झोपायचं, अपराधी वाटून घ्यायचं नाही. नातेवाइकांना खबर द्यायचं काम एकाच माणसाकडे दे. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम सांग, थोरल्याला शाळेतून आणायचं किंवा औषधांच्या दुकानात जाऊन यायचं. लोकांनाही ते बरं वाटतं.

एक जाड वही कर. काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे), औषधं, ताप, शौचाला झाली की नाही, सगळं तारखेनिशी लिहायचं. शौचाचं मुद्दाम म्हणते. व्हिनक्रिस्टिन या तिच्या औषधाने बद्धकोष्ठ होतो, आणि दोन दिवस गेले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ही वही तुम्हा दोघांनाही वाचता आणि भरता आली पाहिजे. ज्या घरात सगळं आईलाच ठाऊक असतं, तिथे आई आजारी पडली की काय होतं, ते मी फार वेळा पाहिलं आहे.

आता तापाबद्दल. हे नीट वाच आणि घरातल्या प्रत्येकाला वाचायला दे. काउंट पडलेले असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप ही तातडीची वेळ असते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तो धरायचा. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा आणि निघायचं. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, त्याने ताप उतरलेला दिसतो आणि आत जंतुसंसर्ग वाढत राहतो. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन तर मनाने कधीच द्यायचं नाही, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना रक्तस्राव होऊ शकतो. ताप बघायला थर्मामीटर गुदद्वारात घालायचा नाही. स्टेरॉइड चालू असताना कधी कधी ताप चढत नाही, तरी संसर्ग असू शकतो. पोर मलूल पडली किंवा हुडहुडी भरली तर आकडा काहीही असो, निघा. कपडे, कागद आणि ही वही अशी पिशवी दाराशी भरून ठेवलेली असावी.

स्टेरॉइडमुळे लेक काही दिवसांत बदलेल. मध्यरात्री उठून खायला मागेल, ताटात पडलं की तेच नको म्हणेल, क्षुल्लक कारणावरून तासभर रडेल, पाय दुखतात म्हणून चालायला नकार देईल. तोंड सुजेल. हे सगळं औषध करतं, आणि औषध थांबलं की हळूहळू ओसरतं. भूक भागवा, रडू सोसा. पण भावाला मारलं तर ‘मारायचं नाही’ हे पूर्वीसारखंच सांगायचं. आजारी मुलाला सगळं माफ झालं की ते मूल घाबरतं. आईबाबा नियम सुद्धा सोडायला लागले म्हणजे काहीतरी भयंकर आहे, हे चार वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं.

तिच्याशी खोटं बोलू नका. आमच्याकडे एका पाच वर्षांच्या मुलाला त्याचे वडील ‘फिरायला चाललोय’ म्हणून आणायचे. पुढे त्याला खरोखर फिरायला न्यायचं ठरलं, तरी गाडीचं दार उघडलं की तो खांबाला मिठी मारून बसायचा. ‘टोचेल, दुखेल, मी हात धरून असेन’ एवढं पुरतं. सुई टोचू का, असं मात्र विचारू नका. ती नाही म्हणणार आणि तुम्ही टोचणारच. विचारायचं ते हे, की मांडीवर बसायचं की पलंगावर, आणि सुन्न करणारं क्रीम कोणी लावायचं, आईने की बाबांनी. ते क्रीम तासभर आधी लावावं लागतं, म्हणजे घरून निघण्याआधीच त्याची आठवण हवी.

मेंटेनन्सचा काळ सगळ्यांना सोपा वाटतो, आणि मला काळजी त्याचीच असते. रोज मर्काप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. मूल खेळतंय, केस आलेत, शाळेत जायला लागलंय, आणि मग गोळी एखाद्या रात्री राहते. शंभरातल्या पाचांहून जास्त गोळ्या चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. गोळीची वेळ ठरलेली असू दे, आणि दिली की लगेच वहीत खूण करायची. मेथोट्रेक्सेटचा वार ठरवून ठळक लिहून ठेव. आठवड्याचं औषध चुकून रोज दिलं गेलं तर ते जिवावर बेतू शकतं.

तू आणि सूनबाई एकमेकांवर चिडाल. एकाला बोलून मोकळं व्हायचं असतं, दुसऱ्याला तो विषयच नको असतो. दोन्ही चालतं. फक्त थकलेले असताना रात्री मोठे निर्णय घेऊ नका.

तुझ्या निरोपात थोरल्याचं नाव एकदाही आलं नाही. आठ वर्षांचा आहे तो. या वयाची मुलं मनातल्या मनात हिशेब मांडतात, ‘मी तिला ढकललं होतं, म्हणून झालं का?’ विचारणार नाहीत, पण पोटात दुखतंय म्हणतील, शाळेत भांडतील. त्याला जवळ बसवून आजाराचं नाव सांग. तुझ्यामुळे झालं नाही, तुला होणार नाही, असं स्पष्ट सांग. आठवड्यातली एक वेळ फक्त त्याची ठेव, आणि तिच्यात बहिणीचा विषय त्यानेच काढला तर काढायचा.

त्याच्या शाळेत या आठवड्यातच जाऊन ये. बाईंना घरची परिस्थिती सांग आणि एक विनंती कर, वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी फोन करा. लेकीसाठी दोन्ही आजार फार गंभीर ठरू शकतात. संपर्क झाल्याचं वेळेत कळलं तर आजार टाळण्यासाठी औषध देता येतं, आणि तिथे एकेक दिवस मोलाचा असतो. जाऊन आलास की मला कळव, आणि पुढचे काउंट आले की तेही.

तुझी मावशी