एका गाण्यावर दोन गायकांची नावे कशासाठी?

प्रश्न : ‘देस्पासितो’ या स्पॅनिश गाण्यावर दोन गायकांची नावे दिसतात, काही ठिकाणी तर तीन. मग गाणे नेमके कोणाचे? (एक वाचक, परभणी)

उत्तर : गाणे मूळचे लुईस फॉन्सी यांचे. पनामाच्या गीतकार एरिका एंडर यांच्यासोबत त्यांनी ते लिहिले आणि पुढे डॅडी यांकी यांनी त्यात आपल्या ओळींची भर घातली. जानेवारी २०१७मध्ये प्रदर्शित झालेल्या या गाण्यात फॉन्सी हे संथ प्रेमगीतांसाठी ओळखले जाणारे, तर यांकी रेगेटॉन या लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताच्या प्रकारातले. दोघेही प्वेर्तो रिकोचे असले तरी त्यांचे श्रोते वेगळे होते, आणि सहगायनामुळे ते एका गाण्याभोवती जमले. तिसरे नाव कॅनडाचे पॉप गायक जस्टिन बीबर यांचे. एप्रिल २०१७मध्ये त्यांच्या आवाजासह नवी आवृत्ती आली, त्यानंतर हे गाणे अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. नवी आवृत्ती हा विक्री वाढवण्याचा मार्ग असतोच, पण येथे तिने स्पॅनिश न समजणारा मोठा वर्गही जोडला.

ठेक्याविषयी आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. रेगेटॉनच्या ‘डेम्बो’ ठेक्यात आठ मात्रांचे आघात तीन-तीन-दोन असे विभागलेले ऐकू येतात. आपला केरवाही आठ मात्रांचाच, मात्र त्याचे विभाग चार-चार. भजनी मंडळातल्या ढोलकीवाल्याला दोन्ही एकापाठोपाठ वाजवायला सांगा. फरक लगेच कानाला जाणवेल.