पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा विस्तार करताना आधी वर्गखोल्या वाढवाव्यात की रुग्णालय?

आधी रुग्णालय. हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण माझ्या पहिल्या नेमणुकीतील एका रात्रीत आहे.

पशुधन विकास अधिकारी म्हणून रुजू होऊन तीन आठवडे झाले असतील, तेव्हा एका वस्तीवरून गाय अडल्याचा निरोप आला. वासराचे पुढचे पाय बाहेर दिसत होते, पण मान मागे वळलेली होती. वासरू आत ढकलून, मुस्कट तळहातात धरून मान सरळ करायची, हे मला तोंडपाठ होते. परंतु शिकत असताना अडलेल्या गायीत माझा हात एकदाही गेला नव्हता, कारण आमच्या चिकित्सालयात अशी केस आली की जनावर उभे अडकवून ठेवायच्या एकाच खोड्याभोवती सगळा वर्ग गोळा होई आणि मागच्यांना सरांची पाठ तेवढी दिसे. मी भर कळेत जोर लावत राहिलो आणि माझाच हात बधिर झाला. शेवटी सोबतचे व्रणोपचारक, म्हणजे दवाखान्यातील मदतनीस, हळूच म्हणाले, "साहेब, कळ ओसरू द्या, मग ढकला." गाय वाचली; वासरू मात्र मेलेले निघाले. मी पोहोचलो तेव्हा ते पाय आखडून घेत होते, म्हणजे जिवंत होते.

परळला १८८६ साली महाविद्यालय सुरू झाले तेव्हा बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे मुंबईकरांचे बैलघोडा हॉस्पिटल, तेथे आधीच उभे राहिले होते. तोच क्रम योग्य होता. चोवीस तास चालणारे मोठ्या जनावरांचे चिकित्सालय, पुरेसे खोडे, जनावर आणायला गाडी, संसर्गजन्य रोगांसाठी वेगळा कक्ष आणि पाण्याचा नीट निचरा होणारे शवविच्छेदनगृह, एवढे आधी उभारावे. महाविद्यालय शहरात असेल, तर दारात बहुतांशी कुत्री-मांजरेच येतात. तेथे फिरत्या चिकित्सालयाशिवाय विद्यार्थ्यांना गाई-म्हशी मिळणारच नाहीत.

आमचे एक प्राध्यापक म्हणत, "हात फील्डवर बसतो, कॉलेजात नाही." निवृत्तीनंतर भेटले तेव्हाही त्यांनी तेच सांगितले आणि पदवीच्या साडेपाच वर्षांपैकी आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) एक वर्ष पुरेसे असल्याचे बजावले. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. चिकित्सालयात केसच नसतील, तर त्या वर्षात विद्यार्थी नोंदवह्या भरण्यापलीकडे काय करणार?

प्रवेशसंख्या वाढवायची असेल, तर भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या निकषांप्रमाणे वर्गखोल्या आणि प्रयोगशाळाही लागतील, हे मान्य. परंतु निधी एकाच इमारतीपुरता असेल, तर ती इमारत चिकित्सालयाची असावी आणि तेथे रात्रपाळीला शिक्षकही नेमलेला असावा, कारण गाई बहुधा रात्रीच अडतात, असा माझा अनुभव आहे.