तबकडी नेमकी किती फेऱ्यांवर वाजवायची?

प्रश्न: घरात आजोबांच्या वेळच्या नाट्यपदांच्या दहा इंची तबकड्या आहेत. टर्नटेबल मिनिटाला ७८ फेऱ्यांवर ठेवला तर काहींत गायकाचा आवाज उगाच बारीक आणि घाईतला वाटतो, काही ठीक वाजतात. दोष यंत्रात की तबकडीत? — एक वाचक, सांगली

उत्तर: काही ठीक वाजतात म्हणजे यंत्रावर फारसा संशय नाही, तरी आधी तेच तपासा. लेबलवर मावेल एवढी स्ट्रोब चकती, म्हणजे वेग तपासायची रेघांची चकती ठेवा, सुई तबकडीवर टेकवा आणि मग बघा. सुईच्या ओढीने वेग थोडा उतरतो, म्हणून रिकामे फिरवून घेतलेले माप कामाचे नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा चकती ७७ रेघांची हवी. रेघा जागच्या जागी थांबल्या की वेग ७७.९२. फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर यंत्र जोरात आहे, उलट सरकल्या तर मंद. मिनिटाला ७७ रेघा सरकल्या म्हणजे एका फेरीचा फरक. दिवा चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटचा घ्या, बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा नुसत्या पुसट होतात. आणि अमेरिकेतून आलेली ९२ रेघांची चकती वापरू नका. ती ६० हर्ट्झसाठी असते. आपल्याकडे ती ६५ फेऱ्यांनाच स्थिर दिसते आणि पेटीच्या काळी चार पट्टीतले गाणे पांढरी चारच्याही खाली जाते.

यंत्र बरोबर निघाले, तर राहिली तबकडी. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले तेव्हा ७८ हा आकडा ठरलेलाच नव्हता. तो पक्का झाला विजेवरच्या ध्वनिमुद्रणाबरोबर, १९२५ नंतर. त्याआधीच्या तबकड्या सत्तरच्या आसपासपासून ८० च्या पुढेपर्यंत कुठेही भरलेल्या सापडतात, मग लेबल काहीही म्हणो.

खरा वेग काढायचा तो षड्जावरून, म्हणजे ‘सा’वरून. साथीला हार्मोनियम किंवा ऑर्गन असेल तर काम सोपे, कारण पेटीचा सूर मैफलीपुरता चढवता-उतरवता येत नाही. मोबाइलवरच्या ट्यूनरने पेटीचा लांबलेला सा मोजा, गायकाचा नव्हे. समजा ७८ वर सा १४५ हर्ट्झ आला. काळी एक १३८.६, पांढरी दोन १४६.८. खरा वेग म्हणजे ७८ गुणिले अपेक्षित सूर, भागिले मोजलेला सूर. गायक काळी एकमध्ये असेल तर ७४.६, पांढरी दोनमध्ये असेल तर ७९. पेटी जुन्या फ्रेंच मापाची, म्हणजे पांढरी सहाचा सूर ४४० ऐवजी ४३५ हर्ट्झला मिळवलेली असेल, तर हेच आकडे ७३.७ आणि ७८.१ होतात. म्हणजे पट्टी कोणती हे पक्के झाले तरी पेटीच्या मापामुळे जवळपास एका फेरीची शंका उरतेच. दशांशावर भांडू नये.

दोन पट्ट्यांतली कोणती, हे गणित सांगत नाही. त्याच बैठकीतल्या, म्हणजे लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स (मूळ साच्याचा) क्रमांक लागून असलेल्या तबकड्या मोजा. त्या एकाच वेगाला जमल्या पाहिजेत. जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचे नाव सांगतो. तो बोलका आवाज फार उपयोगी, कारण पट्टीबद्दल कान फसतो, बोलण्याबद्दल सहसा नाही. तबल्याच्या बोलांची ‘धा’ चिमटल्यासारखी वाजत असेल तर वेग जास्तच आहे.

सा सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे मोजा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मेणाच्या चकतीवर कोरताना बाहेरच्या कडेला सुईचा अडथळा जास्त, त्यामुळे तिथे यंत्र जरा दबायचे. अशी तबकडी एकाच वेगाने वाजवली की सूर सुरुवातीला चढा आणि शेवटी उतरलेला येतो. तिला एक आकडा नसतोच.

प्रश्न: माझ्या टर्नटेबलवर ७८ नाही, फक्त ३३⅓ आणि ४५. संगणकावर वेग वाढवला तर चालेल? — एक वाचक, पुणे

उत्तर: चालेल. ४५ वर रेकॉर्ड करून वेग १.७३३ पट करा. ७४.६ हवे असतील तर १.६५८. सूर आणि लय एकत्र बदलणारा पर्याय निवडा. ‘टेम्पो’ एकटा बदललात तर पट्टी चुकीचीच राहील. एलपीची सुई मात्र काढा. ती खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर ऐकवते. ७८ साठी साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा क्षीण आवाज मोठा करणारे यंत्र, एलपीसाठी आवाजात जी सुधारणा करते ती कमी वेगावर चुकीच्या सुरांवर बसते, तेव्हा जमल्यास ती टाळून सपाट रेकॉर्डिंग घ्या.

प्रश्न: चावीच्या ग्रामोफोनवर स्ट्रोबशिवाय वेग कसा मोजू? — एक वाचक, मडगाव

उत्तर: तबकडीच्या कडेखाली कागदाची पट्टी अडकवा, सुई टेकवा आणि १०० फेऱ्या मोजा. ७७ सेकंद लागले तर वेग ७८ च्या आत-बाहेर. इतर कोणत्याही वेळेसाठी ६००० ला सेकंदांनी भागा. शंभर फेऱ्या पुऱ्या होण्याआधीच वेग पडत असेल तर आधी पूर्ण चावी देऊन पुन्हा मोजा. तरीही पडला तर स्प्रिंगमधले ग्रीस वाळलेले असते किंवा गव्हर्नरच्या, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाच्या नमद्याला तेल नसते. वेगाच्या स्क्रूला त्यानंतरच हात लावा.